उघाडी नावाचा युजर

नोकरीत मला कधी कोणी शाबासकी दिली नाही, आणि त्यात कोणाची चूकही नव्हती. माझं काम नीट झालं की काहीच घडत नसे. फोन वाजत नसे, कोणी धावत येत नसे, साहेबांच्या कपाळाला आठी पडत नसे. मेकॅनिकने पंप दुरुस्त केला तर पाणी तरी पडताना दिसतं. सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईला दिवसभर काय केलंस म्हणून विचारलं, तर "काही बंद पडलं नाही" एवढंच ती सांगू शकते. या उत्तरावर कोणी टाळ्या वाजवत नाही.

म्हणून निवृत्तीनंतर, यंदाच्या पावसाळ्यात, मला माझ्या धंद्याची पहिली खरी शाबासकी मिळाली तेव्हा ती कुठेतरी लिहून ठेवावी असं वाटलं. दिवाळी अंकवाल्यांनी विचारायला आणि मला सांगावंसं वाटायला एकच गाठ पडली.

आधी थोडं धंद्याबद्दल. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत माझी सगळी हयात गेली. राहायला पेणला, नोकरीला रोह्याला. सर्व्हर म्हणजे काही अवाढव्य वस्तू नव्हे, चोवीस तास चालू राहणारा कंप्युटर. त्यात काही प्रोग्रॅम असे असतात की त्यांना पडदा नाही, बटण नाही, ते मागच्या दाराने गुपचूप काम करत बसतात. कोणी निरोप पोचवतो, कोणी नोंदी ठेवतो. त्यांना आमच्या भाषेत डिमन म्हणतात, ऐकायला इंग्रजीतल्या राक्षसासारखंच. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या आईने देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले होते आणि "दुसरी नोकरी नाही का मिळत?" असं विचारलं होतं.

तर प्रत्येक मशीनला एक मालक असतो, त्याला रूट म्हणतात. रूटला कसलीच मनाई नाही. तो काहीही वाचू शकतो, काहीही पुसू शकतो, सगळं मशीन एका ओळीत धुऊन टाकू शकतो. आळशी माणूस काय करतो, तर प्रत्येक प्रोग्रॅम रूटच्याच नावाने चालवतो, म्हणजे कुठे अडायलाच नको. पण पाणी भरायला आलेल्या गड्याला आपण माठापर्यंत जाऊ देतो, कपाटाची किल्ली त्याच्या कमरेला बांधत नाही. उद्या त्याच्या आडून चोर शिरला तर चोराच्याही कमरेला किल्ली येते. म्हणून प्रत्येक डिमनला स्वतःचा एक साधा युजर, म्हणजे मशीनवरचं वेगळं नाव, काढून द्यायचा, त्याच्या कामापुरती परवानगी द्यायची आणि एक इंच जास्त द्यायची नाही, हा माझा नियम. या नियमापायी कंपनीत मला "परवानगी मॅडम" म्हणत. पाठीमागे म्हणत, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणत.

एका मॅनेजरसाहेबांनी रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी रूटचा पासवर्ड मागितला. कशाला हवाय, विचारलं, तर म्हणाले, "मी मॅनेजर आहे." मी पासवर्ड कागदावर लिहिला, लिफाफ्यात घातला, लाखेने बंद केला आणि त्यांच्यासमोर त्यांच्याच तिजोरीत ठेवला. सांगितलं, "फोडाल तेव्हा वेळ लिहून सही करा, त्यानंतर जे बिघडेल ते तुमचं." साहेब सहा वर्षांनी बदलून गेले. लिफाफा तसाच होता.

पण सगळेच किस्से असे मिरवण्यासारखे नाहीत. सावंत नावाचे आमचे एक ऑपरेटर होते, खांब गावचे, सालस माणूस. गेटवरच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम एकदा दुपारी बंद पडला. मी जेवायला गेले होते. गाड्या खोळंबल्या म्हणून सावंतांनी घाईत तो रूटच्या नावाने हाताने चालू केला. त्या दिवशी सगळ्यांनी त्यांना चहा पाजला. चार दिवसांनी लाईट जाऊन आली आणि प्रोग्रॅम उठेचना. गाड्यांची रांग गेटपासून थेट हमरस्त्याला लागली. कारण सापडल्यावर मी सावंतांना ड्रायव्हर, वॉचमन आणि मॅनेजर यांच्यादेखत असं काही झापलं की ते नुसते हातातला रुमाल घडी घालत उभे राहिले. वर लेखी तक्रारही केली. त्यांची बदली स्टोअरला झाली आणि ते तिथूनच निवृत्त झाले. मी नियमाने बरोबर होते. बरोबर असण्याची मला तेव्हा फार हौस होती.

आता यंदाची गोष्ट.

वैशाखात महेश घरी आला. महेश म्हणजे माझ्या हाताखाली रोह्यात शिकून गेलेला, आता डोलवीला प्लांटमध्ये शिफ्टमध्ये काम करणारा, दोन मुलांचा बाप. आल्या आल्या पाणीसुद्धा न घेता म्हणाला, "मॅडम, माझ्यामुळं काकीची उघाडी जायाला आली."

त्याचं गाव पेण तालुक्यात खाडीला लागून आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथे या विषयावर अजून दोन मतं आहेत. खाडीचं खारं पाणी भातशेतीत येऊ नये म्हणून गावाने मातीचा लांबलचक बांध घातलेला आहे. त्या बांधात पाणी जा-ये करायला एक दार ठेवलेलं असतं, ती उघाडी. ओहोटी लागली की उघाडी उघडायची, म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. भरती चढायच्या आत बंद करायची, म्हणजे खाडी आत येत नाही. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की ती जमीन दोन-तीन वर्षं भाताला जवळ करत नाही. त्यामुळे उघाडी ज्याच्या हातात त्याच्या हातात अख्ख्या गावाचा तांदूळ.

ती उघाडी हिराकाकीच्या हातात होती. आधी तिच्या नवऱ्याकडे होती, तो गेल्यावर तिच्याकडे आली. काकीला भरतीचं वेळापत्रक लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, वर खाडीचा अर्धा तास. पण वरती पाऊस जोराचा असला, नागोठण्याला अंबा नदी फुगली, की पाणी तिथी पाळत नाही. शिवाय ओंडके, केळीचे खुंट, प्लास्टिक असं काहीबाही वाहत येऊन दाराच्या झडपेत अडकतं, ते काढायला चार गडी लागतात आणि गाव उघाडीपासून लांब.

म्हणून महेशने एक यंत्र बसवलं होतं. उघाडीपाशी पाण्यात एक तरंगता डबा, त्याची वायर शाळेशेजारच्या खोलीतल्या जुन्या कंप्युटरला. पाणी पिवळ्या खुणेला आलं की काकीला फोन, लाल खुणेला आलं की शाळेच्या छपरावरचा भोंगा. भोंगा ऐकला की गडी बांधावर धावायचे. फार सुंदर काम केलं होतं त्याने. फक्त दोन गोष्टी शिकवूनही विसरला होता. प्रोग्रॅम रूटच्या नावाने चालायचा आणि तोही महेशने हाताने चालू केला तरच. लाईट गेली की बॅटरी वीस मिनिटं टिकायची, मग कंप्युटर बंद. लाईट आली की कंप्युटर आपोआप उठायचा, पण प्रोग्रॅम झोपलेला. महेश ड्युटीवरून येऊन तो उठवायचा. खोलीत एक वही होती. लाईट कधी गेली, कधी आली, कोणी चालू केलं. तिसऱ्या रकान्यात पानोपानी एकच नाव, महेश.

गेल्या श्रावणात एका सकाळी लाईट जाऊन आली, तेव्हा महेश फर्स्ट शिफ्टला डोलवीत होता. भरती वेळेआधी चढली. झडपेत ओंडका अडकला. काकी एकटी छातीभर पाण्यात उभी राहून ओरडत होती आणि गाव भोंग्याच्या भरवशावर घरात होतं. भोंगा वाजला नाही. खालच्या अंगाची शेतं खारी झाली. वहीत त्या तारखेचा तिसरा रकाना कोरा आहे.

बांध सांभाळणाऱ्या गावच्या समितीत महेशने चूक कबूल केली. पण समितीचे अध्यक्ष दामोदरभाऊ म्हणाले, यंत्र काय, यंत्र बंद पडणारच, दाराशी माणूस हवा तो तरणा हवा. यंदा उघाडी एका ठेकेदाराच्या माणसाला द्यायची आणि यंत्र काढून टाकायचं, असं ठरत आलं होतं. काकी एक अक्षर बोलली नव्हती.

"काय म्हणाली ती तुला?" मी विचारलं.

"म्हनाली, भरतीवर कोनी रागावतंय का. आन् मना जेवायला वाढलं." महेशच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी चप्पल घातली.

पुढचे पंधरा दिवस माझं वय वीस वर्षांनी कमी झालं. मशीनवर एक नवा युजर काढला. नाव काय देऊ, महेशने विचारलं. मी म्हटलं, उघाडी. त्याला फक्त त्याचं कपाट, म्हणजे त्याचा एक फोल्डर, तरंगत्या डब्याची वायर, फोनचं यंत्र आणि भोंग्याचं बटण, एवढंच दिलं. बाकी मशीन त्याला परकं. मग स्टार्टअप स्क्रिप्ट लिहिली. ही स्क्रिप्ट म्हणजे मशीन उठताना वाचायची यादी. मशीन उठलं की ती मालकाच्या हक्काने आत जाते, सगळी सामग्री जागेवर आहे का बघते, मग प्रोग्रॅमला उघाडीच्या नावाने उठवते आणि स्वतः बाहेर पडते. लाईट कितीदाही जाऊ दे, हाक मारायला माणूस नको. उठल्या उठल्या महेशला आणि मला एक मेसेजही येईल अशी सोय केली. चार वेळा वीज तोडून बघितली, चारही वेळा उघाडी गुमान उठला.

आषाढात समितीपुढे परीक्षा ठरली. आदल्या संध्याकाळी मी एकटीच खोलीत होते. भोंग्याचा आवाज थोडा वाढवला होता, तो ऐकून बघायचा होता. एस.टी.ची वेळ होत आलेली. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला, भोंगा वाजला, छान वाजला, सगळं तसंच चालू ठेवलं आणि मी बस गाठली.

दुसऱ्या दिवशी खोलीत समितीचे पाचजण, दारात निम्मं गाव, आणि मागे भिंतीला टेकून हिराकाकी. दामोदरभाऊंनी स्वतः मेन स्विच खाली केला. बॅटरीही काढली. पाच मिनिटांनी स्विच वर. मशीन घरघरलं, दिवे लागले. मी आपली वरातीतल्या वरमाईसारखी ताठ उभी.

मेसेज आला नाही. महेशने परीक्षेसाठी जोडलेला दुसरा डबा बादलीतल्या पाण्यात लाल खुणेपर्यंत बुडवला. भोंगा गप्प.

दामोदरभाऊ वाईट माणूस नव्हे. ते हसले नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाले, "मॅडम, तुमी शिकल्यासवरलेल्या, पेणवरनं येता, आमच्यासाटी खपता. पन हे बघितलंत ना आता. नारली पुनवेपर्यंत थांबतो. उधानाची भरती हाय ती. तवा परत आसं झालं तर दुसऱ्या दिवशी उघाडी ठेक्यावर, आन् हे सामान महेशच्या घरी."

गाव पांगलं. महेश मशीनपुढे बसून प्रोग्रॅमच्या ओळी वाचू लागला. मला तिथे बसवेना. त्याच्यावरच चार शब्द फेकले, तू ऐनवेळी काही बदललंस का म्हणून. तो नाही म्हणाला. मी विश्वास ठेवला नाही. मोठेपणी माणसाला चूक शोधायची म्हटली की तो आधी दुसऱ्याचे खिसे तपासतो.

काकी म्हणाली, "चल गो बाय, बांधावर चल जरा. ओहोटी लागली, मना खील काढायचीय."

बांधावर चिखल होता. काकी माझ्या पुढे सरसर चालत होती आणि मी चप्पल हातात घेऊन मागे. उघाडीची झडप लाकडी, ती बंद केली की कडीत एक जाड लाकडी खीळ ठोकतात. काकी खाली उतरून झडपेतलं शेवाळ आणि पिशव्या ओढायला लागली. मला वाटलं, आपण नुसतं उभं राहण्यापेक्षा मदत करावी. मी वाकून खीळ धरली.

"हात नको लावू." काकीचा आवाज असा आला की मी हात मागेच घेतला. मग तीच मऊ झाली. "खील मी घातलीय गो. जो घालील त्यानंच काढायची. ह्या उघाडीचा रिवाज हाय."

"कोणीही काढली तरी दार उघडणारच की, काकी."

"उघडंल ना. पन घालनाऱ्याला ठावं असतं आत पानी किती, भायेर किती, कशापायी घातली. दुसरा येतो, त्याला वाटतं ओहोटी लागली, काढतो. आन् बुडतो गाव. माझा नवरा ह्यो रिवाज मोडून माझ्या हातनं खील काढू देत नवता. तापानं पडला तवा त्याला खाटंवर घालून हितं आनला, आन् त्यानं खील काढून माझ्या हातात दिली. तवापासनं माझी." तिने खीळ सोडवली. पाणी घों करत खाडीकडे धावलं. "आन् कोनी चांगला मानूस दुसऱ्याची खील काढायचा नाय. बुडंल, पन हात नाय लावायचा."

मी बांधावर बसले ती बसलेच. चिखलातच बसले.

मशीनचाही हाच रिवाज आहे. जी फाइल ज्याच्या नावाने तयार होते ती त्याची. दुसऱ्या साध्या युजरने तिला हात लावायचा नाही. आदल्या संध्याकाळी बस गाठायच्या घाईत मी प्रोग्रॅम पुन्हा चालू केला तो स्क्रिप्टने नव्हे, हाताने, आणि माझ्या हातात तेव्हा रूटची किल्ली होती. प्रोग्रॅम उठला, त्याने मशीनमधली आपली रोजची नोंदवही, म्हणजे एक फाइल, नव्याने उघडली, आणि ती वही रूटच्या नावाने तयार झाली. सकाळी स्क्रिप्टने उघाडीला उठवलं. तो उठला, आपल्या वहीपाशी गेला, बघतो तर वहीवर मालकाची खीळ. बिचाऱ्याने रिवाज पाळला. हात न लावता परत झोपला. त्या सबंध खोलीत नियमाने वागलेला तो एकटा होता, आणि नियम मोडणारी परवानगी मॅडम.

काकीला मी सगळं सांगितलं. तिला फाइल, युजर काही कळण्याचं कारण नव्हतं, पण ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "म्हंजे खील तू घातलीस, आन् त्याला काडायला सांगितलीस."

"व्हय," मी म्हटलं.

खोलीत जाऊन बघितलं. फाइलीच्या नावापुढे मालक म्हणून स्वच्छ लिहिलेलं होतं, रूट, आणि वेळ माझ्या एस.टी.च्या आधीची. मी महेशची माफी मागितली. तो इतका ओशाळला की मलाच त्याची समजूत घालावी लागली. मग आम्ही वही उघाडीच्या नावावर करून दिली, आणि स्क्रिप्टमध्ये एक जास्तीची ओळ घातली. उठवण्याआधी उघाडीच्या कपाटातली प्रत्येक वस्तू त्याच्याच नावावर आहे का बघ, नसेल तर त्याच्या हातात दे, मगच त्याला हाक मार. खाटेवरून आणलेल्या काकीच्या नवऱ्याने केलं तेच. शिवाय हाताने चालू करण्याचा रस्ताच बंद केला. आता रूटने जरी प्रोग्रॅमला हात घातला तरी तो चालायला नकार देतो आणि पडद्यावर एक ओळ येते: "खीळ ज्याची त्याने काढावी." ती ओळ माझी. एवढी चैन मी केली.

पण मन शांत होईना. दोन दिवसांनी मी खांबला गेले. सावंत अंगणात पाटावर बसून वाल सोलत होते. इतक्या वर्षांनी मला दारात बघून उठून उभे राहिले, जुन्या सवयीने. मी सगळी हकिकत सांगितली, माझी घाई, एस.टी., रूट, सगळी, आणि म्हटलं, "त्या दिवशी गेटवर मी जे बोलले ते चुकलं. चूक दाखवायला हवी होती, पण चार लोकांत नव्हे. आणि तक्रार तर नकोच होती."

सावंतांनी दोन दाणे सोलले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. बघते तर हसतायत. "मॅडम, स्टोअरला मला फार बरं होतं. पंखा होता." थोड्या वेळाने म्हणाले, "पण आलात, बरं वाटलं." मला वाल बांधून दिले. नोकरीतलं सगळ्यात मोठं ओझं मी अर्धा किलो वालाच्या बदल्यात खांबला उतरवून आले.

नारळी पौर्णिमा आली. तीन दिवस वरती पाऊस कोसळत होता, नागोठण्याला बाजारात पाणी आल्याची बातमी सकाळीच आली. महेश फर्स्ट शिफ्टला, फोन लॉकरमध्ये. रजा घेतो म्हणाला होता, मीच नको म्हटलं. मीही गावात गेले नाही. आपण दोघांनी उशाशी बसून उठवलं तर ती परीक्षा कसली? हे बोलायला सोपं होतं. प्रत्यक्षात मी पेणच्या स्वयंपाकघरात नारळ खवायला बसले आणि फोन समोरच्या फळीवर डब्याला टेकवून ठेवला, आणि एका नारळाला पाऊण तास लावला.

साडेआठला पेणची लाईट गेली. म्हणजे तिकडचीही गेली असणार. वीस मिनिटं बॅटरी. मग आंधळं मशीन. मी खवत होते. नऊ वाजले. सव्वानऊ. बोट खवणीला लागलं तेही नंतर कळलं.

साडेनऊला फोन थरथरला. "उघाडी चालू. पाणी पिवळ्या खुणेवर."

एवढाच मेसेज. मी तो मोठ्याने वाचला, घरात कोणी नसताना. दहा मिनिटांनी दुसरा. "पाणी लाल खुणेवर. भोंगा वाजवला." भरतीला अजून दोन तास होते आणि पाणी लाल खुणेवर. मग फोन गप्प. कंप्युटरचं काम संपलं होतं, पुढचं माणसांचं होतं, आणि त्याची मला खबर मिळण्याची काही सोय नव्हती. मी देवापुढे जाऊन उभी राहिले. आईची आठवण आली. डिमनसाठी हात जोडणारी घराण्यातली मी दुसरी.

अकराच्या सुमारास हिराकाकीचा फोन आला. मागे बँडचा आवाज, माणसांचा गलका.

"बाय, तुझा उघाडी उठला गो. आपल्या पायानं उठला." तिला धाप लागली होती. "सगला गाव बंदरावर, नारलाला वाजवत नेत व्हते. भोंगा झाला तशी सोन्याच्या नारलाची पालखी तितंच ठेवली आन् गडी बांधावर पळाले. केलीचा आख्खा खुट अडकला व्हता. सहाजनांनी वढला. खील घातली मी. येक थेंब नाय आला आत."

मी खाली बसले आणि रडले. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

फोन कोणीतरी तिच्या हातून घेतला. दामोदरभाऊ होते. "मॅडम, मी खोलीत आलोय. वही भरायची हाय. लाईट गेली साडेआठ, आली साडेनऊ. पुढं काय लिवू? महेश ड्युटीवर. तुमी पेनला. खोलीला कुलूप व्हतं, चावी माझ्या खिशात. मग चालू केला कोनी?"

"कोणीच नाही, भाऊ."



दुसऱ्या दिवशी महेशबरोबर मी गावात गेले. सकाळीच समिती बसली होती. उघाडी हिराकाकीकडेच राहील, तिच्या मर्जीने ती ज्याच्या हातात खीळ देईल त्याच्याकडे पुढे जाईल, असं ठरलं होतं. ठेकेदाराला निरोप गेला होता. काकीने आम्हाला नारळीभात वाढला आणि दुसऱ्यांदा वाढताना सांगितलं, की भाऊंनी वही हातात घेऊन सगळ्या गावाला विचारलं, कोणी चालू केला, आणि कोणीच पुढे येईना. तेव्हा तीच म्हणाली, ज्यानं केलं त्याचं नाव लिवा की.

जेवण झाल्यावर मी खोलीत जाऊन वही उघडली. पानभर वरपासून खाली महेश, महेश, महेश. शेवटच्या ओळीत दामोदरभाऊंच्या ठसठशीत अक्षरात, कोणी चालू केलं या रकान्यात लिहिलं होतं, "उघाडी, स्वतः." आणि त्याच शाईने पुढे, "खीळ घातली: हिराबाई."